मोकळी पट्टी

मुंगीच्या चपलेचा अंगठा तुटला, गोष्ट एवढीच होती. त्या मोठ्या शहरातला तिघींचा दुसरा दिवस. दुपारचे दोन वाजलेले, खाली रस्त्यावर हॉर्नचा नुसता कल्ला, आणि मुंगी एक चप्पल पायात, एक हातात अशी लॉजच्या खोलीच्या दारात उभी.

“पिन लावून बघू?”

“कालपासून दोनदा लावलीस,” भडका म्हणाली. “चल, नवीन घेऊ. नकाशा तिकिटांच्या रांगेतून यायच्या आत परत येऊ.”

घरी त्यांना चांगली नावं होती, पण कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून त्या भडका, नकाशा आणि मुंगीच होत्या. भडकाचा राग नाकाच्या शेंड्यावर. नकाशाला एकदा पाहिलेली गल्ली जन्मभर पाठ. आणि मुंगी अंगाने बारकी, चालीने सावकाश, वाटेतल्या प्रत्येक दुकानापाशी, मांजरापाशी आणि भिंतीवरच्या जाहिरातीपाशी थांबणारी. शेवटची परीक्षा झाल्यावर महिनाभर घरच्यांशी भांडून त्या पाठीला सॅक लावून निघाल्या होत्या. भडकाच्या पप्पांनी तर तिच्याशी अबोला धरला होता, आणि तिने ते मनापासून एन्जॉय केलं होतं. उपदेश नाही, कटकट नाही. असा शांत महिना घरात कधी गेला नव्हता.

निघताना मुंगीच्या आईने मात्र भडकाला गाठलं होतंच. दम्याचा पंप तिच्या हातात कोंबला आणि म्हणाल्या, “हा तू तुझ्याकडे ठेव. ही वेंधळी कुठेतरी विसरेल. तुझ्यावर सोडतेय हो तिला.” बावीस वर्षांच्या मुलीचा पंप दुसऱ्या बावीस वर्षांच्या मुलीने सांभाळायचा! भडकाच्या तोंडावर उत्तर आलं होतं, पण बाईंचे डोळे पाण्याने भरलेले. पंप सॅकच्या वरच्या कप्प्यात गेला, तो तिथेच होता.

पहिल्या दिवशी स्टेशनबाहेरच्या गर्दीने तिघींना तीन दिशांना फेकलं, तेव्हा नकाशाने युक्ती काढली. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांची टोकं खाली लोंबत असतात ना, मागचीने पुढचीचं ते टोक धरायचं. गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून हिसके ठरले. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे चल. आणि तीन म्हणजे, मी आहे. हे तिसरं मुंगीने घालायला लावलं होतं. “त्याचा उपयोग काय?” भडकाने विचारलं. “काही नाही. बरं वाटतं,” मुंगी म्हणाली.

लॉजच्या तळमजल्यावर मालकीणबाईंचं बॅगा शिवायचं दुकान होतं. साठीच्या, ताठ, बोटात अंगुस्तान. तिघी त्यांना काकू म्हणायच्या. आदल्या दिवशी त्यांनी न विचारताच तिघींच्या सॅकच्या सगळ्या लोंबत्या पट्ट्या गुंडाळून निळ्या दोऱ्याने बांधून टाकल्या होत्या.

आत्ताही दोघी जिना उतरताना त्यांची नजर आधी पट्ट्यांवर गेली.

“बाजारात चाललात? दोरे सोडू नका हं.”

“का पण?” भडकाने विचारलं.

“मोकळं टोक दिसलं की धरतात.”

“कोण? खिसेकापू?”

काकूंनी सुई ओवली. “हात,” त्या म्हणाल्या. बाकी काही नाही.

कोपरा वळताच भडकाने दातांनी एक दोरा तोडला. “मोठ्या माणसांचं हेच. ‘करू नको’ म्हणतात, ‘का’ विचारलं की सुई ओवतात! धर पट्टी.”

“माझी पण सोड ना एक,” मुंगी म्हणाली. “एकटी तुझीच मोकळी, बरी दिसत नाही.” हे मुंगीचं लॉजिक. भडकाने हसून तिचीही एक सोडली.

बाजार वरून पत्र्याने झाकलेला होता. भर दुपारीही आत पिवळे दिवे लागलेले. गल्लीला गल्ली चिकटलेली, माणसाला माणूस. डब्यांची गल्ली, कुलपांची गल्ली, पुढे दोरखंडांची, मग कापसाची, आणि चपला, प्रत्येकजण सांगत होता, “अजून थोडं पुढे.” डोक्यावर पोती घेतलेले हमाल ओरडत यायचे आणि गर्दी दुभंगून पुन्हा मिटायची. मुंगी तुटकी चप्पल फरफटवत मागून येत होती. दर दहा पावलांवर एक हिसका. थांब. कुलपं बघायचीत. थांब. चप्पल निसटली. थांब, ते बघ केवढं मांजर.

सातव्यांदा थांबल्यावर एका हमालाच्या पोत्याचा कोपरा भडकाच्या कानाला लागला आणि तिचा भडका उडाला.

“अगं काय लावलंयस! तुला सांभाळत फिरायला आलेय का मी? आई आहे का मी तुझी? जमत नसेल तर घरी बसायचं होतंस!”

मुंगी उलट बोलली असती तर बरं झालं असतं. तिचे ओठ थोडे मिटले, एवढंच. भडका वळली आणि तरातरा चालू लागली.

थोड्या वेळाने पट्टीला दोन हिसके बसले. चल.

“चालतेच आहे,” भडका पुटपुटली. वीस पावलं गेल्यावर राग उतरू लागला. तो नेहमीच असा उतरायचा, लाज मागे ठेवून. ती मागे न बघताच बोलत राहिली. कान दुखतोय माझा, म्हणून ओरडले. तुला माहितीये ना मी कशी आहे ते. आता चप्पल माझ्याकडून, चांगली लाल घेऊ. ऐकतेयस ना?

तीन हिसके. मी आहे.

भडकाला हसू फुटलं. ही मुंगी ना, रुसली तरी धरून ठेवते. तिने तशीच पंधरा-वीस मिनिटं बडबड केली आणि प्रत्येक थांब्यावर मागून उत्तर आलं. एकच गोष्ट जराशी वेगळी होती. पट्टी मागे ओढली जाण्याऐवजी खाली ओढली जात होती. मुंगी वाकून चालतेय की काय, चप्पल हातात घेऊन? आणि कुठूनतरी वास येत होता, ओल्या खडूचा. पाटी पुसल्यावर येतो तसा. बाजारात, दोर आणि कुलपांच्या मध्ये.

तेवढ्यात वीज गेली.

आधी एक मोठा ‘अरे’ झाला आणि मग विचित्र शांतता. पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या चार-दोन पट्ट्या आत उतरल्या होत्या, बाकी काळोख. भडकाने वळून हात मागे केला.

“मुंगे, हात दे.”

हाताला काही लागलं नाही. तिने हात खाली नेला. अजून खाली. पट्टी ताणलेली होती, तिच्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत… आणि तिथे कोणीच नव्हतं.

“मुंगी?”

पट्टी सैल पडली.

दुकानदारांनी बॅटऱ्या लावल्या. भडका ओरडत मागे धावली. कुलपांची गल्ली. डब्यांची गल्ली. “बारीकशी मुलगी, पाठीवर हिरवी सॅक, एका पायात चप्पल?” कोणी पाहिली नव्हती, इतक्या माणसांत कोण कोणाला पाहणार. तिने फोन लावायला फोन काढला, तर सॅकमध्येच दुसरा फोन वाजला. मुंगीचा. सकाळी तिनेच कोंबला होता, चोरांच्या भीतीने. आणि त्याच कप्प्यात, फोनच्या शेजारी, पंप.

तेव्हा तिला नाकात गेलेले कापसाचे तंतू जाणवले. सगळ्या हवेत ते तरंगत होते, उन्हाच्या पट्टीत दिसत होते. गाद्यावाले कापूस पिंजत होते त्या गल्लीतून त्या दोघी आल्या होत्या. मुंगीला घरी उशी झटकलेलीसुद्धा चालत नाही. तिचे दम लागलेले दिवस भडकाने पाहिले होते: नखं निळी, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि घशातून येणारी ती बारीक शिट्टी. पंप दहा मिनिटं सापडला नव्हता त्या दिवशी मुंगीला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आता किती वेळ झाला? अर्धा तास?

‘तुझ्यावर सोडतेय हो तिला.’

ती भिंतीला टेकली. आणि पट्टीला एक हिसका बसला.

थांब.

तिने खाली पाहिलं. पट्टीचं टोक आपोआप उचललं गेलं होतं, तिच्या समोर, कमरेच्या खाली, ताठ. जणू कोणीतरी लहानसं माणूस ते मुठीत धरून तिच्याकडे पाठ करून उभं होतं.

मग दोन हिसके.

“कोण…” ती म्हणाली. “कुठे…”

पुन्हा दोन. अधीर. पाय आपटल्यासारखे.

ज्या मुलीने आयुष्यात कधी कोणाचं ‘चल’ मुकाट्याने ऐकलं नव्हतं, ती निघाली. पट्टी तिला ओढत होती आणि ती अंधारात वाकून तिच्यामागून जात होती. पुढची माणसं न बघताच पाय बाजूला घेत होती. पायांमधून मूल निसटताना आपण घेतो ना, अगदी तसे. एका बाईने तर बोलता बोलता हात खाली नेऊन हवेतच काहीतरी कुरवाळलं, आणि मग स्वतःच्याच हाताकडे गोंधळून पाहिलं.

दोरखंडांच्या गोदामामागे एक बोळ होता. पायरीवर मुंगी बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. शिट्टी लांबूनच ऐकू आली.

पंप. एक दाब. थांब. दुसरा. भडका तिची पाठ चोळत राहिली, मोठ्याने आकडे मोजत राहिली, मध्येच शिव्या देत राहिली, स्वतःलाच. हळूहळू शिट्टी विरली. मुंगीच्या ओठांना रंग आला.

“रडतेस काय, मूर्ख,” मुंगी म्हणाली. तिचा पहिला शब्द हाच.

“तू गेलीस कशाला?”

“राग आला. पट्टी सोडली तुझी… तू ओरडलीस तिथेच. म्हटलं एकटी जाते लॉजवर. मग दम लागायला लागला.” ती थांबून श्वास घेत बोलत होती. “मी पळत सुटणार होते गं. पण मागून कोणीतरी माझी पट्टी ओढली. एक हिसका. मला वाटलं तूच. थांबले, बसले. पळाले असते तर…” तिने पुढचं सोडून दिलं. “नंतर सारखं येत होतं. तीन. मग तीन. मी वळून बघितलंच नाही. तूच आहेस ना मागे, असं वाटत होतं.”

“किती वेळ?”

“सगळा वेळ. तू येईपर्यंत.”

भडकाने मनात हिशेब केला आणि तो जुळेना. सगळा वेळ तर तिच्या स्वतःच्या पट्टीला कोणीतरी होतं.

“तुझी खाली ओढत होतं का?” तिने विचारलं. “लहान मुलासारखं?”

“नाही,” मुंगी म्हणाली. “वर.”

संध्याकाळी नकाशाने सगळं ऐकून घेतलं, दोघींची कपाळं हात लावून पाहिली, आणि मग तिघी खाली काकूंच्या दुकानात गेल्या. भडका भांडायच्या तयारीनेच गेली होती. पण काकूंनी सुटलेला निळा दोरा पाहिला आणि त्यांच्या हातातली कात्री खाली पडली.

“धरलं का तिने?” त्यांनी विचारलं. “बरी आहे का ती?”

बरी आहे का ती! भडकाच्या जिभेवरचं सगळं भांडण जिरलं.

मग काकूंनी सांगितलं. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या आणि त्यांची धाकटी बहीण आठची. शाळा सुरू व्हायची होती, वडील दोघींना बाजारात पाटी घ्यायला घेऊन गेले. वडील पुढे, त्यांचा हात धरून काकू, आणि काकूंच्या फ्रॉकच्या नाडीचं टोक धरून धाकटी. येताना धाकटी सारखी थांबायची, नव्या पाटीवर काहीतरी लिहायची, थुंकीने पुसायची, परत लिहायची.

“मला राग आला,” काकू म्हणाल्या. “मी नाडी हिसकली. म्हटलं, राहा इथेच. वळून बघितलं तर…” त्यांनी अंगुस्तान काढून पुन्हा घातलं. “सगळ्यात शेवटी चालणाऱ्याच्या मागे कोणी नसतं गं. त्याला कोण धरणार?”

खाली पडलेली कात्री मुंगीने उचलून ठेवली.

“म्हणून पट्ट्या बांधता होय आमच्या,” नकाशा हळूच म्हणाली. “आम्ही हरवू नये म्हणून.”

“नाही.” काकूंनी तिच्याकडे सरळ पाहिलं. “तुम्ही प्रवासी. आज इथे, उद्या दुसऱ्या गावी. तिने तुमची पट्टी धरली आणि सोडलीच नाही तर? ती गाडीत बसून निघून जाईल. मग मला कुठे सापडणार?”

आता भडका उसळली. “मग तुम्ही स्वतः का नाही जात? बाजार दोन गल्ल्यांवर आहे! लोकांच्या पट्ट्या बांधत बसण्यापेक्षा स्वतःची सोडायची की!”

“अगं ए…” मुंगीने तिला चिमटा काढला.

“बावन्न वर्षं त्या पत्र्याखाली पाऊल ठेवलं नाही मी,” काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान मुलीचा झाला होता. “मी गेले आणि तिने माझं धरलंच नाही, तर गं?”

मोठ्या माणसांना भीती वाटते आणि ती लपवायला ते उपदेश करतात, हे भडकाला ऐकून माहीत होतं. दिसलं पहिल्यांदा. तिने कात्री उचलली आणि स्वतःच्या सॅकच्या पट्टीचं मोकळं टोक कापून टेबलावर ठेवलं.

“हे तिच्या ओळखीचं आहे. सकाळी नऊला निघू. नाही म्हणायचं नाही.”

गाडी अकराची होती. नऊ वाजता चौघी बाजाराच्या तोंडाशी उभ्या होत्या, दिवे लागलेले, गर्दी तशीच तुडुंब. भडकाने पट्टीचा तुकडा काकूंच्या कमरेला मागच्या बाजूने बांधला.

“एक हिसका म्हणजे थांब,” मुंगीने त्यांना समजावलं, परीक्षेला बसणाऱ्या मुलीला समजावतात तसं. “दोन म्हणजे चल. तीन म्हणजे मी आहे.”

काकू आत शिरल्या. ताठ, भराभर, कोणी मागे लागल्यासारख्या. पट्टी त्यांच्या पायांवर नुसती आपटत होती. डब्यांची गल्ली गेली. कुलपांची गेली. काही नाही. हे आपण काय करून बसलो, असं भडकाला वाटू लागलं. दोरखंडांच्या कोपऱ्यावर काकू थांबल्या. त्यांचे खांदे खाली आले.

मग ओल्या खडूचा वास आला.

पट्टीचं लोंबतं टोक उठलं. हळूहळू, बिचकत. ताठ झालं. काकूंच्या कमरेला तीन हिसके बसलेले तिघींनी उघड्या डोळ्यांनी पाहिले.

काकू वळल्या नाहीत. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि मग हसल्या, भर बाजारात, मोकळ्या. “हळू चालते हं आता,” त्या म्हणाल्या. “तुला पाहिजे तिथे थांब.” आणि खरोखरच दर दोन पावलांवर थांबत, कुलपं बघत, त्या गर्दीत शिरल्या. त्यांच्या मागे तेवढीच लहानशी जागा मोकळी राहत होती, आणि तीही त्यांच्याबरोबर पुढे सरकत होती.

“चला,” नकाशा डोळे पुसत म्हणाली. “गाडी चुकेल.”

“तू पुढे हो,” भडका म्हणाली. “मध्ये मुंगी. आज शेवटी मी.”

दोघींनी तिच्याकडे पाहिलं, पण कोणी चेष्टा केली नाही. तिने मुंगीची पट्टी धरली. तिचं स्वतःचं एक टोक कापलेलं. दुसरं काकूंनी सकाळीच नव्या निळ्या दोऱ्याने घट्ट बांधलं होतं, तीन गाठी मारून. रांग निघाली. मुंगी तिच्या नव्या लाल चपलांत रमतगमत चालली होती, आणि भडकाने तिला एकदाही घाई केली नाही. उलट मध्येच तीन हिसके दिले. मी आहे. मुंगी पाठमोरीच हसली, हे तिच्या कानांवरून कळलं.

पत्र्याचं टोक आलं, पुढे ऊन दिसू लागलं. तेव्हा भडकाच्या डाव्या कुशीशी काहीतरी हललं. तिने नजर वळवली. निळा दोरा सुटून लोंबत होता. तीनही गाठी सुटलेल्या.

मग पट्टीला हिसका बसला. दुसरा. तिसरा. अगदी हळुवार, विचारत असल्यासारखे.

तिला भीती वाटायच्या आधी कीव आली. कोणीतरी आहे. अजून कोणीतरी, ज्याच्या मागे कोणी नाही. पाठीमागे न बघता तिने पावलं हळू केली, मागच्याला गाठता यावं म्हणून.

आणि मग तिच्या लक्षात आलं की खडूचा वास येत नाहीये. पट्टी खाली नाही, मुंगीने सांगितलं होतं तशी वर ताणली गेली होती… तिच्या खांद्याच्याही वर, डोक्याच्याही वर, जिथपर्यंत कुठल्याच माणसाचा हात असत नाही तिथपर्यंत.